चारुलता: हातभर अंतर

(पडद्यावर: भरतकामाच्या लाकडी रिंगणात ताणलेलं पांढरं कापड. सुई वर-खाली होते आहे.)

सुरुवातीला आपल्याला फक्त दोन हात दिसतात. एक बाई रुमालावर इंग्रजी 'बी' हे अक्षर भरते आहे. टाका, दोरा ओढणं, पुन्हा टाका. श्रेयनामावली संपेपर्यंत दुसरं काही नाही. 'बी' म्हणजे भूपती, तिचा नवरा. रुमाल त्याच्यासाठी आहे.

पुढे रुमाल हातात पडल्यावर भूपती कौतुकाने विचारतो, एवढा वेळ तुला मिळतो तरी कधी? आणि ती जे सुचवते ते एवढंच, की वेळेची मला काय कमी! तो हे ऐकतो. त्याला त्यात काहीच खटकत नाही.

सत्यजित राय यांचा 'चारुलता' १९६४ साली आला. कथा रवींद्रनाथ ठाकूरांची, १९०१ मधली. नाव 'नष्टनीड', म्हणजे मोडलेलं घरटं. चित्रपटातलं कोलकाता १८७९-८०चं आहे. भूपती सधन घरातला, सुशिक्षित, राजकारणाचं वेड असलेला माणूस. घरातच छापखाना घालून 'सेंटिनेल' नावाचं इंग्रजी वृत्तपत्र चालवतो. आपल्याकडे पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' निघाले जानेवारी १८८१ मध्ये, म्हणजे काळ अगदी तोच. वृत्तपत्र काढून देश जागा करता येईल, असं मनापासून वाटणारी ही पिढी. भूपती त्यांच्यातलाच एक.

(पडद्यावर: खिडकीच्या झडपा. फटीतून दिसणारी गल्ली.)

आता सुरुवातीची ती काही मिनिटं. संवाद जवळजवळ नाहीतच. घड्याळात चार वाजतात. चारू नोकराला हाक मारून नवऱ्याचा चहा बाहेर पाठवायला सांगते. कपाटापाशी जाते, पुस्तकांवरून बोट फिरवत बंकिमचंद्रांचं नाव गुणगुणते. पुस्तक घेते, चाळते. मग बाहेरून डमरूचा आवाज येतो आणि ती पळत जाऊन दांडीची छोटी दुर्बीण घेऊन येते. झडपेची फट उघडून बघते तर माकडवाला. तो पुढे सरकला की ही पुढच्या खिडकीशी. मग पालखी. मग छत्री घेतलेला एक जाडजूड माणूस. प्रत्येकाला ती खिडकी-खिडकीतून शेवटपर्यंत पोचवून येते. तिच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद आहे, आणि तोच बघताना आपल्या पोटात कालवतं.

एवढ्यात भूपती आत येतो. काहीतरी हवं असतं, ते घेतो आणि पुस्तकात डोकं खुपसून तिच्यासमोरून निघून जातो. ती उभी आहे, हे त्याच्या लक्षातही येत नाही. मग चारू तीच दुर्बीण डोळ्यांना लावते आणि पाठमोऱ्या नवऱ्याकडे बघते. जसं माकडवाल्याकडे बघितलं, तसंच. तो दिसेनासा होतो आणि तिचा हात हळूच खाली येतो.

पहिल्यांदा हा चित्रपट पाहिला तेव्हा मला भूपतीचा भयंकर राग आला होता. पुढे पाहत गेलो तसा तो राग ओसरला, आणि त्या जागी जे आलं ते जास्त जड होतं. हा माणूस वाईट नाही हो. हात उगारत नाही, बाहेरख्याली नाही, बायकोला तोडून बोलत नाही. ती एकटी पडते, हे त्याला चक्क कळतं. म्हणून तर तो तिच्या भावाला, उमापदला, बायकोसकट बोलावून घेतो. उमापदला छापखान्याचा हिशेब, त्याची बायको मंदा हिला सोबत. पण मंदा पत्ते खेळणारी, चारू पुस्तकांत रमणारी. घर भरलं, चारू तिथेच राहिली.

(पडद्यावर: वादळ. वाळत घातलेले कपडे उडताहेत.)

आणि मग वळवाच्या वादळाबरोबर अमल येतो. बंगालमध्ये या वादळाला कालबैशाखी म्हणतात. भूपतीचा आतेभाऊ, नुकतीच परीक्षा संपवून आलेला, कवितेचं वेड, तोंडात गाणं. तो चारूला बौठान म्हणतो, आपल्याकडे वहिनी म्हणतो तसं. दीर-वहिनीच्या थट्टामस्करीला बंगाली घरात जेवढी मोकळीक, तेवढीच आपल्याकडेही आहे, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला हे नातं समजावून सांगावं लागत नाही. कुठे थांबायचं तेही दोघांना ठाऊक असतं. निदान तसं वाटतं.

सौमित्र चटर्जींनी या भूमिकेसाठी रवींद्रनाथांच्या आधीच्या काळातलं बंगाली हस्ताक्षर गिरवलं होतं. माधवी मुखर्जी तेव्हा जेमतेम बाविशीच्या. शैलेन मुखर्जींचा भूपती या दोघांच्या तुलनेत कमी गाजला, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. चांगुलपणा दाखवायला फार अवघड असतो.

(पडद्यावर: बाग, झोपाळा.)

बागेत सतरंजी टाकून अमल लिहीत पडलाय. चारू झोपाळ्यावर. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी कॅमेरा झोपाळ्यालाच जोडला, त्यामुळे चारूचा चेहरा स्थिर राहतो आणि मागची सगळी बाग हेलकावते. ती दुर्बीण लावते. पलीकडच्या घरात एक आई, कडेवर मूल. चारूला मूल नाही. दुर्बीण तिथे रेंगाळते, मग खाली उतरते आणि अमलवर येऊन थांबते. कुणी काही बोलत नाही. तिला काहीतरी उमगलंय, एवढं आपल्याला दिसतं.

अमलला लिहिण्यासाठी तिने स्वतःच्या हाताने वही करून दिलेली असते. अट एकच, यातलं काही छापायचं नाही. तो छापतो. तेव्हा ती स्वतः लिहायला बसते, आपल्या गावाबद्दल, आणि तिचा लेख त्याच्याहून नावाजलेल्या मासिकात येतो. ते मासिक ती अमलच्या डोक्यावर आपटते. पुढच्याच क्षणी त्याला बिलगून रडायला लागते. अमल तिथे पहिल्यांदा घाबरतो.

आणि यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी, की चारूला लिहायला लाव, हे अमलला भूपतीनेच सांगितलेलं असतं. बायकोच्या अंगात गुण आहे, हे त्याने ओळखलं होतं. फक्त तिच्याशेजारी बसायचं काम त्याने दुसऱ्यावर सोपवलं.

उमापद पैसे घेऊन पळतो. वृत्तपत्र बुडतं. भूपती अमलपाशी मन मोकळं करतो: पैशाचं दुःख नाही, पण विश्वास ठेवायचा तो कुणावर? समोर बसलेल्या अमलला ते ऐकवत नाही. त्याच रात्री तो चिठ्ठी ठेवून घर सोडतो.

या कथेत लोक ठाकूर घराण्याची सावली शोधतात. रवींद्रनाथांच्या वहिनी कादंबरीदेवी यांनी १८८४ मध्ये, रवींद्रनाथांच्या लग्नानंतर चार महिन्यांनी, जीव दिला. पंचविशीही गाठली नव्हती त्यांनी. मुंबईशीही त्या तरुणपणाचा एक धागा आहे. १८७८ साली विलायतेला जाण्याआधी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले, आणि त्यांच्या मुलीला, अन्नपूर्णेला, त्यांनी 'नलिनी' हे नाव दिलं. पण चित्रपटाकडे चावी हातात घेऊन गेलं, की चारू दिसायची राहते. म्हणून हे इथेच सोडतो.

(पडद्यावर: रात्र. दिवा. उघडं दार.)

अमल गेल्यावर नवरा-बायको समुद्रकाठी जातात. वाळूत बसून नवं पत्र काढायचं ठरतं, राजकारण त्याचं, साहित्य तिचं. किती वर्षांनी भूपती तिच्याशेजारी बसलाय! घरी येतात तर अमलचं पत्र आलेलं. चारू कोसळते, त्याचं नाव घेऊन हुंदके देते. भूपती नेमका दारात येतो आणि ऐकतो.

तो निघून जातो. रात्रभर शहरात घोडागाडी फिरत राहते. मग तो परत येतो.

रवींद्रनाथांच्या कथेत भूपती मैसूरला निघतो. मलाही न्या, असं चारू म्हणते. तो अडखळतो, आणि मग उशिरा म्हणतो, चल. त्यावर तिचं उत्तर येतं, ना, थाक. नको, राहू दे.

राय यांनी हे बदललं. चित्रपटात चारू दार उघडते आणि म्हणते, एशो. ये. ती हात पुढे करते. तोही हात पुढे करतो. बोटं एकमेकांपर्यंत पोचण्याआधीच पडदा थिजतो. एकामागून एक स्थिरचित्रं: तिचा हात, त्याचा हात, तिचा चेहरा, त्याचा चेहरा, मागे दिवा घेऊन येणारा म्हातारा नोकर. मग दोघांमधली ती मोकळी जागा. आणि त्यावर बंगाली अक्षरं उमटतात: नष्टनीड.