बुडापेस्टची सही आणि त्यानंतरची तीस वर्षं

[पेर्वोमाइस्कचं 1996चं चित्रण]

4 जून 1996. दक्षिण युक्रेनमधल्या पेर्वोमाइस्कजवळ एका मोकळ्या रानात तीन देशांचे संरक्षणमंत्री उभे आहेत. अमेरिकेचे विल्यम पेरी, रशियाचे पावेल ग्राचेव्ह आणि युक्रेनचे वालेरी श्मारोव्ह. तिघं मिळून सूर्यफुलं लावतायत. काही महिन्यांपूर्वीपर्यंत या जागी अमेरिकेवर रोखलेलं क्षेपणास्त्र होतं. तीनच दिवस आधी युक्रेनमधलं शेवटचं अण्वस्त्र रशियाला रवाना झालंय.

[क्षेपणास्त्र संग्रहालय, भूमिगत नियंत्रण कक्ष]

1991च्या अखेरीस सोव्हिएत संघ कोसळला आणि जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा युक्रेनच्या हद्दीत राहिला. लांब पल्ल्याची सुमारे 1,900 अण्वस्त्रं, 176 आंतरखंडीय क्षेपणास्त्रं, शिवाय बाँबर विमानं. त्या क्षेपणास्त्रांचं एक नियंत्रण केंद्र आज संग्रहालय म्हणून जपलंय. दोन-तीन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढ्याशा लिफ्टमधून खाली उतरायचं. बारा मजले, सगळेच्या सगळे जमिनीखाली. तळाच्या खोलीत पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांच्या खुर्च्या, त्यांना पट्टे, समोर बटणांची रांग. दोघांनी एकाच वेळी हालचाल केली तरच क्षेपणास्त्र सुटणार. पण त्यासाठी लागणारे संकेतांक मॉस्कोत होते.

ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. युक्रेनने अण्वस्त्रं देऊन टाकली हा वेडेपणा झाला, असं आज सर्रास बोललं जातं. आम्हाला ते पटत नाही. 1993मध्ये युक्रेनमधली महागाई वर्षाला दहा हजार टक्क्यांच्या वर गेली होती. अण्वस्त्रांची देखभाल रशियातल्या कारखान्यांवर अवलंबून होती. ती ठेवलीत तर एकटे पडाल, असं वॉशिंग्टन आणि मॉस्को दोघंही बजावत होते. अण्वस्त्रं हातची जाणार हे कीव्हमधल्या नेत्यांना कळून चुकलं होतं. त्यांची धडपड चालली होती ती बदल्यात काय पदरात पडतं यासाठी.

बदल्यात अणुवीज केंद्रांसाठी इंधन मिळालं, आर्थिक मदत मिळाली. आणि सुरक्षेचा शब्द मिळाला. कीव्हला हवा होता बंधनकारक करार. युक्रेनवर हल्ला झाला तर आम्ही उतरू, असं कुणीतरी लिहून द्यावं, एवढं साधं मागणं होतं. अमेरिकेची त्याला तयारी नव्हती. असा करार सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतांनी मंजूर करून घ्यावा लागला असता आणि युक्रेनसाठी लढण्याचं बंधन अमेरिकेला नकोच होतं.

5 डिसेंबर 1994 रोजी बुडापेस्टमध्ये अमेरिकेचे बिल क्लिंटन, रशियाचे बोरिस येल्त्सिन, ब्रिटनचे जॉन मेजर आणि युक्रेनचे लिओनिद कुचमा यांनी सह्या केल्या. पानभर मजकूर, सहा कलमं. युक्रेनच्या सीमांचा आदर करू. बळाचा वापर करणार नाही, तशी धमकी देणार नाही. आर्थिक दडपण आणणार नाही. अण्वस्त्रं वापरून आक्रमण झालं तर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे दाद मागू. आणि या शब्दांबद्दल शंका उभी राहिली तर आपसांत सल्लामसलत करू.

सल्लामसलत! हल्ला झाल्यावर कोण किती दिवसांत काय करेल, याबद्दल त्या सहा कलमांत अवाक्षर नाही. आणि दाद मागायची ती अशा परिषदेत, जिथे सही करणाऱ्या चौघांपैकी तिघांकडे नकाराधिकार आहे.

[क्रिमिया, 2014]

2014च्या फेब्रुवारीअखेर बिनखुणांच्या गणवेशातले रशियन सैनिक क्रिमियात शिरले. युक्रेनने बुडापेस्टच्या कागदावर बोट ठेवून सल्लामसलतीची मागणी केली. 5 मार्चला पॅरिसमध्ये अमेरिकेचे जॉन केरी, ब्रिटनचे विल्यम हेग आणि युक्रेनचे परराष्ट्रमंत्री भेटले. रशियाचे सर्गेई लावरोव्ह त्या दिवशी पॅरिसमध्येच होते, पण ते या बैठकीकडे फिरकले नाहीत. आदल्याच दिवशी पुतिन यांनी खुलासा करून ठेवला होता: युक्रेनमध्ये क्रांती झाली असेल तर तिथे नवं राज्य उभं राहिलंय आणि त्या राज्याशी आम्ही कसलाही करार केलेला नाही. 15 मार्चला सुरक्षा परिषदेत ठराव आला. 13 मतं बाजूने, चीन तटस्थ, रशियाचा नकाराधिकार. सुरक्षा परिषदेची वाट तिथेच खुंटली.

1999मध्ये गॅसच्या थकबाकीपोटी युक्रेनने आपली काही बाँबर विमानं आणि शेकडो केएच-55 क्षेपणास्त्रं रशियाच्या हवाली केली होती. 2022च्या हिवाळ्यात रशियाने युक्रेनवर जे डागलं, त्यात याच जातीची जुनी क्षेपणास्त्रं होती.

[पोलंड, 1939]

मग शब्द पक्का असता तर भागलं असतं का? यासाठी थोडं मागे जावं लागतं, आणि त्यातली एक वाट थेट कोल्हापुरात येते.

31 मार्च 1939 रोजी ब्रिटनने पोलंडला जाहीर हमी दिली. फ्रान्सशी पोलंडचा करार आधीपासून होता. त्या मे महिन्यात पॅरिसमध्ये फ्रेंच सरसेनापती गॅमलँ आणि पोलंडचे युद्धमंत्री कास्प्शित्स्की यांच्यात ठरलं, की जर्मनीने पोलंडवर मुख्य हल्ला चढवला तर फ्रान्स पंधराव्या दिवसापासून मोठ्या फौजेनिशी जर्मनीवर चाल करेल. मुदत ठरली होती, फौज ठरली होती. बुडापेस्टच्या कागदापेक्षा हा शब्द कितीतरी वजनदार.

1 सप्टेंबरला हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं. 3 तारखेला ब्रिटन आणि फ्रान्सने युद्ध पुकारलं, म्हणजे राजकीय शब्द पाळला. पण फ्रेंच फौजा जर्मनीच्या सारलँडमध्ये काही किलोमीटर आत गेल्या आणि थबकल्या. 12 सप्टेंबरला फ्रान्समधल्या अबेव्हिलच्या बैठकीत दोस्त राष्ट्रांनी मोठी चढाई न करण्याचं ठरवलं, तेव्हा वॉर्साला वेढा पडत होता. 17 तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य आलं. हमीनंतर ब्रिटनने पोलंडशी जो करार केला, त्याची गुप्त पुरवणी फक्त जर्मनीपुरती होती, त्यामुळे या दुसऱ्या हल्ल्याचा त्यात विचारच नव्हता.

पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलं गेलं. त्यातले जे वाचले, ते पुढे इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यांतली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट 2024मध्ये पंतप्रधान मोदी त्या स्मारकापाशी गेले आणि दोन दिवसांनी पोलंडहून रेल्वेने कीव्हला पोचले. दिलेली हमी लढाईच्या मैदानात उतरली नाही की माणसांचं काय होतं, ते वळिवड्याच्या जुन्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय.

[कोरिया, 1953]

याच्या अगदी उलट घडलं दक्षिण कोरियात. 1953मध्ये अमेरिकेला युद्ध थांबवायची घाई झाली होती आणि अध्यक्ष सिंगमन री हटून बसले होते. सुरक्षेचा करार झाल्याशिवाय युद्धबंदी नको, हे त्यांचं म्हणणं. 18 जूनला त्यांनी अमेरिकेला न विचारता सुमारे 27 हजार युद्धकैदी सोडून दिले. जुलैत युद्धबंदी झाली, तिच्यावर दक्षिण कोरियाने सही केली नाही. पण 1 ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये संरक्षण करारावर सह्या झाल्या.

तो करार वाचला तर भाषा मवाळच आहे. प्रत्येक देश आपापल्या घटनेप्रमाणे पावलं उचलेल, एवढंच. जोर आला तो अमेरिकी सैन्य तिथे राहिलं म्हणून. आजही सुमारे 28,500 अमेरिकी सैनिक कोरियात आहेत. उत्तरेकडून हल्ला झाला तर ते पहिल्या तासापासून त्या युद्धात असतील. मग वॉशिंग्टनमध्ये चर्चा करायला उरतंच काय?

[इस्तंबूल, 2022. त्यानंतर युरोपातल्या बैठका]

24 फेब्रुवारी 2022च्या रशियन आक्रमणानंतरचा सगळा वाद या दोन टोकांच्या मधे फिरतोय. नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीचं दार 2008च्या बुखारेस्ट परिषदेत अर्धवट उघडं राहिलं होतं. युक्रेन आणि जॉर्जिया सदस्य होतील असं जाहीर झालं, पण जर्मनी आणि फ्रान्सच्या विरोधामुळे प्रवेशाची वाट काही ठरली नाही. मॉस्कोला चिडायला कारण मिळालं, कीव्हला संरक्षण मिळालं नाही. आमच्या मते यापेक्षा स्पष्ट नकार बरा होता.

मार्च 2022मध्ये इस्तंबूलच्या वाटाघाटीत युक्रेनने नाटोत जाण्याचा आग्रह सोडून तटस्थ राहण्याची तयारी दाखवली. अट एकच, की हमीदार देशांनी हल्ल्याच्या वेळी धावून यावं. हमीदारांच्या यादीत रशियाही होता. आणि मसुद्यात रशियाने बदल सुचवला, की मदतीचा निर्णय सगळ्या हमीदारांच्या संमतीने व्हावा. म्हणजे हल्ला करणाऱ्याच्या परवानगीनेच बचाव! कीव्हने ते कबूल केलं नाही. बोलणी फिसकटायला इतरही कारणं होती, तरी हे कलम मान्य करणं कुठल्याच देशाला शक्य नव्हतं.

2024मध्ये ब्रिटनपासून सुरुवात करून अनेक देशांनी युक्रेनशी दहा-दहा वर्षांचे करार केले. 13 जूनला इटलीत जो बायडेन यांनीही सही केली. पुन्हा हल्ला झाला तर 24 तासांत वरिष्ठ पातळीवर चर्चा करू, असं त्यात आहे. सिनेटची मोहोर त्यावर नाही. मार्च 2025मध्ये, ओव्हल ऑफिसमधल्या ट्रम्प आणि झेलेन्स्की यांच्या त्या गाजलेल्या भांडणानंतर, अमेरिकेच्या नव्या सरकारने युक्रेनची लष्करी मदत आणि गुप्त माहिती काही दिवस रोखून धरली. करार कागदावर तसाच होता.

तिथून पुढे हा वाद राजनैतिक राहिला नाही, सेनापतींच्या टेबलावर आला. झेलेन्स्की यांनी जानेवारी 2025मध्ये दावोसमध्ये शांतता टिकवण्यासाठी किमान दोन लाख युरोपीय सैनिक मागितले होते. लंडन आणि पॅरिसमध्ये आकडा निघाला तो त्याच्या कितीतरी खाली. कारण साधं आहे. एक सैनिक आघाडीवर ठेवायचा तर एक प्रशिक्षणात आणि एक विश्रांतीवर धरावा लागतो. ब्रिटनचं नियमित भूदल सत्तर हजारांच्या आसपास आणि युद्धरेषा हजार किलोमीटरहून लांब. म्हणून ठरलं, की ही फौज आघाडीपासून दूर राहील. 4 सप्टेंबर 2025 रोजी पॅरिसमध्ये मॅक्रॉन यांनी 26 देश जमिनीवर, समुद्रात किंवा हवेत हातभार लावतील असं जाहीर केलं. पोलंडने आपले सैनिक युक्रेनमध्ये जाणार नाहीत असं सांगितलंय. ट्रम्प यांनी अमेरिकेचं पायदळ पाठवायला नकार दिला, हवाई मदतीची शक्यता तेवढी बोलून दाखवली. दुसऱ्याच दिवशी पुतिन म्हणाले, युक्रेनमध्ये परकं सैन्य आलं तर आम्ही त्याला लक्ष्य करू.

आणि खरी गाठ इथे आहे. फ्रेंच सैनिक झोपलेल्या तळावर रशियन क्षेपणास्त्र पडलं, तर पॅरिस काय करणार? त्या सैनिकांना उलट गोळी झाडायची मुभा कुणी द्यायची, पथकाच्या अधिकाऱ्याने की संसदेने? हे उत्तर आधीच ठरवून मॉस्कोला कळवलेलं असेल तर ते सैनिक तिथे असण्याला अर्थ आहे. नसेल तर ते ओलीस आहेत, असं आम्हाला स्पष्टपणे वाटतं.

दुसरा विचारप्रवाह म्हणतो, परक्या सैन्याची वाट पाहूच नका, युक्रेनचं सैन्यच एवढं सशस्त्र करा की पुन्हा हात घालायची हिंमत होऊ नये. युरोपीय आयोगाच्या उर्सुला फॉन डेर लायेन यांनी यासाठी पोलादी साळिंदर असा शब्द वापरला. चार वर्षांच्या युद्धाने याला बराच आधार दिलाय. लढलं युक्रेनचंच सैन्य. म्हणूनच नोव्हेंबर 2025मध्ये बाहेर आलेल्या युद्ध थांबवण्याच्या अमेरिकेच्या 28 कलमी मसुद्यातली युक्रेनच्या सैन्यावरची सहा लाखांची मर्यादा एवढी झोंबली. युरोपीय देशांनी आठ लाखांचा आकडा पुढे केला. हमी द्यायची आणि त्याच कागदात ज्याला हमी दिली त्याचे हातही बांधायचे, ही सांगड बसत नाही.

[खार्किव्ह, भुयारी शाळा]

हे खार्किव्ह. रशियाची सीमा इथून चाळीस किलोमीटरच्या आत आहे. क्षेपणास्त्रांचा इशारा वाजायला आणि स्फोट व्हायला इथे फारसं अंतर राहत नाही, म्हणून वर्ग मेट्रो स्थानकांत भरले. नंतर जमिनीखाली शाळाच बांधल्या. खिडक्या नाहीत, दिवसभर ट्यूबलाइट.

डिसेंबर 2025मध्ये झेलेन्स्की यांनी सांगितलं, की भक्कम आणि कायदेशीर हमी मिळत असेल तर युक्रेन नाटोचा आग्रह सोडेल. अमेरिकेकडून 15 वर्षांच्या हमीचा प्रस्ताव आला. झेलेन्स्की यांनी 30, 40, 50 वर्षं मागितली. बुडापेस्टच्या सहीपासून क्रिमियापर्यंत वीस वर्षंही पुरती गेली नव्हती. आज या भुयारी वर्गात पहिलीत बसलेलं मूल 15 वर्षांनी ऐन लढायच्या वयात असेल. त्यामुळे मुदत वाढवून मागणं, त्यावर अमेरिकी काँग्रेसची मंजुरी मागणं आणि हल्ल्यानंतर कोण कधी काय करणार ते आधीच लिहून मागणं, यांतलं काहीही आम्हाला अवाजवी वाटत नाही.