छिंदवाडा नॅरोगेज सिम्युलेटरमध्ये आणायची तर

[दृश्य: नागपूर, कडबी चौक. नॅरोगेज संग्रहालय. दोन रुळांवर आडवी धरलेली टेप.]

निवेदन:
७६२ मिलिमीटर. जुन्या मापात अडीच फूट. एवढ्याशा रुंदीच्या रुळांवरून बंगाल नागपूर रेल्वेने सातपुडा चढायला घेतला. नागपूर-नागभीड मार्ग १९०८ साली सुरू झाला, नागपूर-छिंदवाडा १९१३ साली. छिंदवाड्याची ही सुमारे दीडशे किलोमीटरची वाट २०१५च्या अखेरीस ब्रॉडगेजसाठी बंद झाली. वाफेच्या इंजिनासकट ती संगणकावरच्या रेल्वे सिम्युलेटरमध्ये परत चालवायची असेल, तर त्यातले मार्ग म्हणजे रूट बनवणाऱ्यांपुढे नेमका प्रस्ताव ठेवावा लागतो. फोटो आणि आठवणी तिथे पुरत नाहीत.

पहिली गोष्ट, सगळी वाट मागू नका. ओपन रेल्स या मोफत रेल्वे सिम्युलेटरमध्ये जमीन २०४८ मीटरच्या चौकोनी टाइलांनी बनते. दीडशे किलोमीटर म्हणजे नुसत्या रुळांखालीच पंचाहत्तरेक टाइल, आणि दोन्ही बाजूंची एकेक धरली तर सव्वादोनशेच्या घरात. प्रत्येक टाइलवर झाडं, घरं, मोऱ्या हाताने बसवायच्या. असे रूट वर्षानुवर्षं अर्धवट पडून राहतात. त्यापेक्षा सौंसर ते उमरानाला एवढाच तुकडा मागा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे आणि छिंदवाडा त्याहून साडेतीनशे मीटर वर. यातली बहुतेक चढाई रामाकोना ओलांडल्यावर लागते. ड्रायव्हर आणि फायरमन दोघांचा कस लागतो तो इथेच.

[दृश्य: डब्याच्या बाजूवरची अक्षरं, जवळून.]

निवेदन:
दुसरी गोष्ट, एक साल पक्कं करा. ‘वाफेचा काळ’ एवढं लिहून भागत नाही. एप्रिल १९५२ पर्यंत डब्यांवर बंगाल नागपूर रेल्वेची अक्षरं. त्यानंतर ही वाट पूर्व रेल्वेत गेली आणि ऑगस्ट १९५५ पासून दक्षिण पूर्व रेल्वेत. नागपूर आणि सौंसर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर. म्हणजे तोवर केळोद आणि लोधीखेड्याच्या मध्ये राज्याची सीमा नव्हतीच. आमची शिफारस १९५१ची. अंतरं मैलांत, डबे जुन्या कंपनीच्या अक्षरांचे, डिझेलचा मागमूस नाही. त्या काळची गाड्यांची वेळ कलकत्त्याहून निघणाऱ्या न्यूमनच्या इंडियन ब्रॅडशॉ या रेल्वे वेळापत्रकात मिळते.

[दृश्य: टोपोशीट, त्यावर पेन्सिलने ठळक केलेली रेल्वेरेषा.]

निवेदन:
आता सगळ्यात महत्त्वाचं काम, चढ. बहुतेक रूट इथेच फसतात.

जमिनीची उंची उपग्रहाच्या मोफत माहितीतून, म्हणजे एसआरटीएममधून घेतात. तिच्यात तीस मीटरला एक बिंदू मिळतो. पण ती उंची झाडांच्या शेंड्यांसकट असते. सागाच्या रानात पाच मीटरची चूक सहज होते. दीडशे मीटरच्या अंतरात पाच मीटर म्हणजे तीसात एक असा चढ, जो प्रत्यक्षात कधी नव्हताच. गाडी तिथे अडते आणि दोष इंजिनाच्या माथी जातो. म्हणून उपग्रहाची उंची फक्त डोंगरांसाठी वापरा. रुळांची उंची रेल्वेच्या स्वतःच्या चढ-उताराच्या तक्त्यावरून घ्या. आधी रूळ टाका आणि मग जमीन रुळांना जुळवा, भराव आणि कटिंग त्यातूनच उभे राहतात. उलट क्रमाने केलं की रूळ लाटांसारखे दिसतात.

मार्गरेषेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने एक इंच-एक मैल नकाशे पाहा. नागपूर ५५ ओ या क्रमांकात येतं. अमेरिकन लष्कराचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशेही ताळ्याला बरे. आजच्या उपग्रहचित्रावर मात्र डोळे झाकून रेघ ओढू नका. तिथे दिसते ती ब्रॉडगेज. जुना भराव बाजूला झाडीत शोधावा लागतो, आणि ओढ्यांत उभे उरलेले दगडी खांब त्याची सर्वात भरवशाची खूण.

वळणं कागदावर अंशांत लिहिलेली असतात. १७५० ला अंशांनी भागलं की त्रिज्या मीटरमध्ये मिळते. दहा अंशांचं वळण म्हणजे १७५ मीटर. तयार रुळांच्या ठरावीक तुकड्यांत हे आकडे बसत नाहीत, म्हणून हवी ती त्रिज्या देता येणारा डायनॅमिक ट्रॅक वापरा, आणि रुळांचा आकार व रुंदी ठरवणारी त्याची प्रोफाइल फाइल ७६२ मिलिमीटरची स्वतः बनवा. नाहीतर १४३५ मिलिमीटरच्या तयार रुळांमध्ये नॅरोगेजची चाकं अधांतरी धावताना दिसतील. गाडी चालेल, कारण सिम्युलेटर मधल्या रेषेवर चालतं, पण पाहवणार नाही.

[दृश्य: इंजिनाची जोडचाकं, कनेक्टिंग रॉड.]

निवेदन:
इंजिन सीसी वर्गाचं मागा. चाकांची रचना ४-६-२, म्हणजे पुढे चार, मध्ये सहा जोडचाकं, मागे दोन; ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची बांधणी. प्रस्तावासोबत सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक, जोडचाकांचा व्यास, बॉयलरचा दाब, कोळसा जळतो त्या जाळीचं क्षेत्रफळ आणि जोडचाकांवरचं वजन द्या. ब्रॉडगेज इंजिनाची फाइल उचलून नाव बदललं, तर वाफ कधी संपणारच नाही आणि घाटाला अर्थ उरणार नाही.

हिशोब साधा आहे. पन्नासात एक चढावर शंभर टनांच्या रेकला, म्हणजे जोडलेल्या डब्यांना, फक्त चढासाठी दोन टन ओढ लागते. जोडचाकांवर अठरा टन वजन धरलं, तर कोरड्या रुळावर साडेचार टनांच्या आसपास पकड मिळते. पावसात ती बरीच उतरते, मग रुळावर रेती सोडल्याशिवाय गत्यंतर नाही. चढावर बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर लावला की थंड पाण्याने दाब घसरतो. नाही लावला तर बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी खाली जातं. मग माथा ओलांडताच पाणी बॉयलरच्या पुढच्या बाजूला धावतं, फायरबॉक्सचं म्हणजे आगपेटीचं छत उघडं पडतं आणि त्या छतातलं शिशाचं बूच, लेड प्लग, वितळतो. त्यामुळे माथ्यावर पोचताना काच निदान अर्धी भरलेली हवी.

इंजिनात पाणी भरायचे खांब स्टेशनच्या लूपच्या, म्हणजे बाजूच्या रुळाच्या, दोन्ही टोकांना ठेवा. एकच ठेवला, तर उलट दिशेच्या इंजिनाचा टेंडर तिथवर पोचत नाही.

देखाव्याचं थोडक्यात. माती काळी, सौंसरकडे संत्र्याच्या बागा, घाटात साग. फाल्गुन निवडला तर साग उघडा आणि पळस लाल, म्हणजे तयार हिरव्या झाडांचा संच चालणार नाही.

[दृश्य: संगणकाचा पडदा. झाडं नाहीत, घरं नाहीत, नुसते रूळ.]

निवेदन:
एकही झाड लावण्याआधी पहिली चाचणी घ्या. पूर्ण रेक जोडून रामाकोन्याजवळच्या कन्हानच्या पुलावरून निघा, चढाच्या मध्यावर गाडी थांबवा आणि तिथूनच परत उचला. उचलली जात नसेल, तर आधी तक्ता पुन्हा तपासा, मग इंजिनाची फाइल.