आपल्यात चालत नाही

नमस्कार श्रोतेहो. हातातलं काम चालू असेल तर चालू राहू द्या, कुकरच्या शिट्ट्या मोजत असाल तर मोजा. विषय मात्र असा आहे, की घरात तो निघाला की कुणीतरी उठतं आणि टीव्हीचा आवाज वाढवतं. लग्नाआधीचं प्रेम, लग्नाआधीचे संबंध, आणि त्याबद्दलची आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींची मतं येतात कुठून.

मी पुण्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. नववी-दहावीच्या निबंधाच्या तासाला विषय भरकटायचा, आणि मी तो भरकटू द्यायची. मुलं आडून आडून काहीतरी विचारायची, मी उलटं विचारायची, "तुम्हाला काय वाटतं?" तुकडी कुठलीही असो, उत्तर ठरलेलं. "बाई, आमच्यात चालत नाही."

आता मी पडले व्याकरणाची बाई. घरी आई म्हणते, "आपल्यात चालत नाही." मूल शाळेत येऊन म्हणतं, "आमच्यात चालत नाही." आपल्यात म्हटलं की ऐकणारा आत आला. आमच्यात म्हटलं की ऐकणारा बाहेर राहिला. उंबऱ्यापासून बाकापर्यंत येईतो एका सर्वनामाने भिंत घातली. मी विचारायची, "आमच्यात म्हणजे कुणात रे?" एका मुलाने बोटांवर मोजून सांगितलं होतं, "घरात, भावकीत, गावाकडे, आणि सोसायटीत पण, बाई." देवाचं नाव नाही. मी म्हटलं, "आणि देवाचं काय?" तो जरा थांबला. म्हणाला, "देवाला विचारलं नाही कधी."

वर्गात रोजे धरणाऱ्या मुली होत्या, जैन पाठशाळेत जाणारी मुलं होती, माळकरी घरातली होती. उपास वेगळे, सण वेगळे, या बाबतीतलं वाक्य सगळ्यांचं एकच. कॅम्पात राहणारी माझी एक ख्रिस्ती मैत्रीण सांगते, की त्यांच्याकडे लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी चर्चमध्ये वर्ग असतात, तिथे या गोष्टी निदान तोंडाने उच्चारल्या जातात. पण लग्न ठरल्यावर. सोळाव्या वर्षी नाही. आणि आमच्या भजनी मंडळाचं म्हणाल, तर गौळण रंगात आली की कृष्णाने कुणाची वाट अडवली याचं कौतुक साठी उलटलेल्या बायका टाळ वाजवून करतात. त्याच बायका घरी येऊन नातवाच्या फोनवर बदामाचं चित्र दिसलं की रात्रभर झोपत नाहीत. मीही त्यातलीच.

पुण्याला हा वाद नवा नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. संमतिवय, म्हणजे मुलीची शरीरसंबंधाला संमती ज्या वयापासून धरायची ते वय, १० होतं, ते १२ केलं. बारा! तेवढ्यावरून शहर पेटलं. टिळक म्हणाले, परक्या सरकारने धर्मात हात घालू नये. आगरकर 'सुधारका'तून कायद्याच्या बाजूने लढले. हे आपण शाळेत शिकलो. पण एक पाहा, त्या सगळ्या भांडणात 'लग्नाआधी' हा शब्द कुठे येत नाही. कारण मुलगी वयात यायच्या आत तिचं लग्न उरकलेलं असायचं. पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय १४ केलं, १९७८ साली ते १८ झालं, आणि आता शिक्षण, नोकरी, फ्लॅटचा हप्ता करता करता सत्ताविशी-अठ्ठाविशी येते. पुन्हा सांगते, कारण यातच सगळं आहे. वयात येणं आणि बोहल्यावर चढणं यांच्यामध्ये आज जी बारा-पंधरा वर्षं आहेत, ती आपल्या पणजीला नव्हतीच. रिवाज पणजीच्या काळचे आणि वर्षं नातीची.

या वर्षांबद्दल बोलायला माणूस नव्हता असं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ साली वारेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यापायी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. आपण कर्वे रस्त्याने रोज जातो. तो रस्ता त्यांच्या वडिलांच्या नावाचा. २००७ साली राज्यात शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं, तेव्हा आमच्या शाळेत शरीररचनेचे तक्ते गुंडाळून स्टाफरूमच्या कपाटावर टाकले. तिथे त्यांना वाळवी लागली. ते असो.

पुणे जिल्ह्यातच, इथल्या वस्त्यांमध्ये आणि खेड्यांमध्ये, केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी तरुण मुलामुलींशी बोलून या विषयाचा अभ्यास केला होता. त्यातून दिसलं ते असं, की धाक असूनही प्रेमं जुळतात, घरच्यांपासून लपतात, मित्रमैत्रिणींना मात्र ठाऊक असतात. आणि त्यातून लग्न होईल असं मुली धरून चालतात, मुलं तेवढी धरत नाहीत. म्हणजे घरात कुणाला पत्ता नाही, आणि फसगत झालीच तर ती जास्त कुणाची, हे तुम्हीच ओळखा.

बरं. आता गोष्ट. खरं सांगायचं तर हिच्यासाठीच मी हे भाषण घेतलं.

२०१९ सालची गोष्ट. माझी भाची, तिला आपण ऋतुजा म्हणू, फलटणहून अकरावीसाठी आमच्याकडे कोथरूडला राहायला आली. जुलैमध्ये म्हणाली, मावशी, मला ढोल पथकात जायचंय. मी बहिणीला फोन लावला. याच बहिणीने ट्रेकला नाही म्हटलं होतं, नाटकाच्या ग्रुपला नाही म्हटलं होतं. ढोल म्हटल्यावर म्हणाली, "गणपतीचं आहे ना? मग जाऊ दे." धर्म दारं लावतो असं आपण म्हणतो; आमच्या घरात दार उघडलं ते गणपतीने. संध्याकाळी सात ते साडेनऊ, नदीकाठी, पुलाखाली सराव. दोनशे पोरंपोरी. पहिल्या आठवड्यात हिच्या बोटांना फोड आले. चिकटपट्ट्या लावून यायची आणि जेवताना ताटलीवर चमच्याने पहिला हात, म्हणजे ढोलाचा पहिला ठेका, वाजवायची. (पथकांनी ढोलांची संख्या निम्मी करावी असं माझं मत आहे. चाळीस ढोलांत जे ऐकू येतं ते दोनशेंत येत नाही. पण पुण्यात हे म्हणायची सोय नाही.)

ऑगस्टच्या सुरुवातीला धो धो पाऊस लागला. आठवत असेल तुम्हाला, खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, भिडे पूल पाण्याखाली, नदीपात्रातला रस्ता बंद. सराव दुसरीकडे हलवलेला. रिक्षा मिळेना. रात्री सव्वादहाला ऋतुजा एका मुलाच्या दुचाकीवरून आली. रेनकोट हिच्या अंगावर, तो नखशिखांत ओला. गेटापाशी सोडून गेलाही. खालच्या मजल्यावरच्या काकू त्या वेळी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होत्या. रात्री सव्वादहाला. त्या पावसात.

सकाळी दुधाच्या पिशव्या घेताना काकूंनी विचारलं, "काल तुमच्याकडे पाहुणे होते वाटतं?" बस, एवढंच. दुपारपर्यंत ते वाक्य तीन मजले चढून आमच्या सासूबाईंपर्यंत पोचलं होतं.

सासूबाई तेव्हा एक्याऐंशीच्या. रोज हरिपाठ, एकादशी कडक. मला वाटलं, आता भाचीची बॅग भरावी लागणार. त्या म्हणाल्या, "रविवारी बोलव त्याला. पोहे कर."

रविवारी तो आला. डिप्लोमाला होता, एकोणीस वर्षांचा. पायपुसण्यावर इतका वेळ पाय पुसत उभा राहिला की मलाच अवघडल्यासारखं झालं. मी पोहे दिले. (पोह्यात टोमॅटो घालणारे लोक कोण असतात हो?) सासूबाई खुर्चीत, हातात जपमाळ.

"नाव काय तुझं?"

"ओंकार, आजी."

"आडनाव?"

त्याने सांगितलं. घरात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. ते आडनाव मी इथे सांगणार नाही. सांगितलं असतं तर तुमच्यातल्या निम्म्यांनी लगेच मनात हिशोब मांडला असता. मीही मांडला होता.

ऋतुजा बशी खाली ठेवून म्हणाली, "आजी, मला नीट घरी सोडलं का, गाडी बेताने चालवतोस का, पथकात काय करतोस, यातलं एकही विचारलं नाहीस. आडनाव विचारलंस."

मी तिला दटावणार होते. पण सासूबाईंची माळ थांबली होती. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्या घरात एवढी वर्षं नांदून कधी ऐकलं नव्हतं.

१९५२ साल. त्या चौदा वर्षांच्या, शनिवार पेठेतल्या एका वाड्यात राहायच्या आणि मेळ्यात गायच्या. जुन्या श्रोत्यांना मेळे सांगायला नकोत. नव्यांसाठी सांगते, गणपतीत गाणी आणि संवाद बसवून मांडवामांडवांतून फिरणाऱ्या मुलामुलींच्या मंडळ्या म्हणजे मेळे. वाड्याच्या पडवीत तालीम चालायची. पेटी, तबला, कंदिलाचा उजेड. एके दिवशी तालमीहून आल्यावर त्यांच्या गाण्याच्या वहीत एक चिठ्ठी निघाली. त्यावर एकच ओळ. "तुमचा आवाज काळी चारमध्ये छान लागतो." खाली नाव नाही.

काळी चार म्हणजे पेटीवरची काळी पट्टी, गाण्याचा सूर. पेटीवरून आठवलं, त्या काळात ज्या आकाशवाणीवर आपली सगळी गाणी ऐकायची, तिथे पेटीलाच मज्जाव होता. १९४० पासून १९७१ पर्यंत. एकतीस वर्षं, माझ्या नोकरीइतकी. म्हणून वाड्यांमधून पेटी वाजायची काही राहिली नाही.

तर चिठ्ठी वडिलांच्या हाती लागली. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, "आपल्यात मुलींना चिठ्ठ्या येत नाहीत." त्या संध्याकाळपासून मेळा बंद. गाणं बंद. सतराव्या वर्षी लग्न.

ऋतुजाने विचारलं, "पण आजी, लिहिलं कुणी होतं?"

सासूबाई म्हणाल्या, "कुणास ठाऊक. सदुसष्ट वर्षं झाली, मला वाटतं पेटीवाल्याने नुसती पट्टी कळवली असेल. मी आपली काळी पाचात ओढायची, घसा बसायचा."

आधी ओंकार हसला, मग घाबरून थांबला, मग सासूबाई स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मी मात्र बाई ती बाई. पाणी आणून दिलं आणि त्या दोघांना समोर बसवून कायदा सांगितला, तो तुम्हालाही सांगते. २०१२ चा पॉक्सो कायदा, म्हणजे मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा. अठरा वर्षांखालच्या मुलीची किंवा मुलाची शरीरसंबंधाला संमती कायदा धरत नाही. पुन्हा ऐका, अठराच्या आत 'तिची इच्छा होती' हे उत्तर चालत नाही. गुन्हा नोंदला जातो, आणि मग पोरगा कोठडीत आणि पोरगी जबाब देत बसते. हे तुमच्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाला ठाऊक आहे का? त्याला इंजिनच्या सीसी पाठ असतात, हे नसतं. मी बोलत होते तोवर दोघंही मान खाली घालून पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होती. "मावशी, आम्ही नुसते एका पथकात आहोत," ऋतुजा शेवटी म्हणाली. मी म्हटलं, असाल, तरी ऐकून ठेवा.

सासूबाईंनी माळ पुन्हा हातात घेतली. "पेटी येते का रे तुला?"

"नाही आजी. मी ताशावर असतो."

"मग बरं," त्या म्हणाल्या. "जे असेल ते सगळ्या पेठेला ऐकू येईल."

त्यांनी त्याला पुन्हा पोहे वाढायला लावले. निघताना त्याने बाथरूममध्ये वाळत घातलेला रेनकोट घडी करून काखेत धरला आणि जिना उतरला. खाली काकू गॅलरीत होत्याच. ऊन पडलं होतं, आणि त्या तुळशीला पाणी घालत होत्या.

नमस्कार.