उद्या म्हणजे किती वाजता?

श्रोतेहो, नमस्कार.

एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या कार्यालयात मी सत्तावीस वर्षे लिपिक होतो. शिष्यवृत्तीचे अर्ज आपण खिडकीच्या बाहेरून पाहता, मी ते आतून पाहिले आहेत. आपल्या मुलाच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीचा अर्ज पूर्ण करून घेण्यासाठी शाळेतल्या माणसांची मदत कशी मिळवावी, हे आज मी त्या आतल्या बाजूने सांगणार आहे.

उदाहरण म्हणून आपण एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील गुणवंत विद्यार्थ्यांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती घेऊ. केंद्र सरकारने २००८ मध्ये सुरू केलेल्या या योजनेची परीक्षा आपल्याकडे आठवीत असताना महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळू शकतात. निवड यादीत नाव आले की पैसे आपोआप बँकेत येतील, असे अनेक पालकांना वाटते. तसे होत नाही. नववीत गेल्यावर विद्यार्थ्याला राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, तो अर्ज शाळेतील नोडल शिक्षक, म्हणजे या पोर्टलचे काम ज्यांच्याकडे सोपवलेले असते ते शिक्षक, पडताळतात आणि त्यानंतर तो जिल्हा पातळीवर पडताळला जातो. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: आपण भरलेला अर्ज शाळेने पडताळल्याशिवाय पुढे सरकत नाही.

आता मी एका विद्यार्थ्याच्या आईची हकिकत सांगतो, जी सांगितल्याशिवाय माझे या विषयावरचे बोलणे कधी पूर्ण होत नाही.

अर्जाची मुदत संपायला नऊ दिवस राहिले होते आणि त्या बाई आमच्या शाळेत चौथ्यांदा आल्या होत्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा नोडल शिक्षक मतदार यादीच्या कामावर गेले होते; शिक्षकांना असल्या कामांना जुंपणे मला कधीच पटलेले नाही, पण ते राहू द्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीला गेले होते. तिसऱ्यांदा मी जागेवरच होतो, आणि समोर वेतन देयकाचा पसारा मांडलेला असल्यामुळे मान वर न करताच मी म्हणालो, "ताई, उद्या या." हे सांगताना मला आजही संकोच वाटतो, कारण "उद्या या" हे वाक्य मी त्या सत्तावीस वर्षांत किती जणांना ऐकवले असेल, त्याचा हिशेब कोणत्याही रजिस्टरमध्ये नाही.

चौथ्या दिवशी मी पुन्हा तेच म्हणालो. त्या हलल्या नाहीत आणि अतिशय शांतपणे त्यांनी विचारले, "भाऊ, उद्या म्हणजे किती वाजता? आणि कुणाकडे?"

मी मान वर केली. त्यांनी मुलाच्या वहीतून फाडलेले एक पान माझ्या टेबलाच्या काचेवर ठेवले. पानावर मुलाच्या अक्षरात त्याचे नाव इंग्रजीत तीन वेळा, एकाखाली एक, प्रत्येक अक्षर सुटे करून लिहिलेले होते: शाळेच्या नोंदीप्रमाणे, निवड यादीप्रमाणे आणि आधार कार्डाप्रमाणे. त्या मुलाच्या नावाची सुरुवात 'ज्ञ'ने होत होती. आपण मराठी माणसे 'ज्ञ' इंग्रजीत लिहिताना 'डी, एन, वाय' अशी सुरुवात करतो, आणि परीक्षेचा अर्ज भरताना आमच्या शिक्षकांनी तसेच लिहिले होते. आधार केंद्रावरच्या मुलाने मात्र 'जी, वाय' असे लिहून ठेवले होते. मराठीत नाव एकच, पण संगणकाच्या लेखी ती दोन निरनिराळी मुले होती आणि अर्ज तेथेच अडकला होता. (पहिलीत नाव घालतानाच पालकांनी मुलाचे इंग्रजी स्पेलिंग स्वतःच्या हाताने लिहून द्यावे, असे माझे फार जुने मत आहे, आमच्या मुख्याध्यापकांनी ते कधी ऐकले नाही.)

त्या तीन ओळींच्या खाली तीन प्रश्न होते. चूक कोणत्या कागदात दुरुस्त करायची? सही कुणाची लागेल? मी कोणत्या दिवशी, किती वाजता येऊ?

श्रोतेहो, एरवी पालक प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली सगळी कागदपत्रे टेबलावर ओततात आणि म्हणतात, "साहेब, पोराचे काहीतरी करा." या 'काहीतरी'ला हात कुठून घालायचा, हेच आम्हाला कळत नाही, आणि ज्या कामाला सुरुवात सापडत नाही ते काम कार्यालयात गठ्ठ्याच्या तळाशी जाते. या बाईंनी मला 'काहीतरी' दिले नव्हते. वीस मिनिटांत होण्यासारखे एक काम दिले होते. मी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची नोंदवही, काढले, जन्मतारीख आणि आईचे नाव पडताळले, दोन्ही नावे एकाच विद्यार्थ्याची असल्याचे मुख्याध्यापकांच्या वतीने पत्र तयार केले, त्याला जावक क्रमांक घातला आणि त्यांना सांगितले, "परवा, अकरा वाजता, मुख्याध्यापक सरांच्या खोलीबाहेर."

त्या अकराला दहा मिनिटे असतानाच बाकावर येऊन बसल्या होत्या. सही झाली, शिक्का झाला, रजिस्टरच्या उताऱ्यासह ते पत्र जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात गेले, आधारप्रमाणे भरलेला अर्ज नोडल शिक्षकांनी त्याच दुपारी माझ्याशेजारी बसून पडताळला, आणि जिल्ह्याने तो मान्य केला. निघताना त्यांनी वहीचे पान परत मागितले. मी ते फाईलला लावून टाकले होते. "मागच्या बाजूला त्याची गणितं आहेत, भाऊ," त्या म्हणाल्या. मी पान उलटून पाहिले, तर खरोखरच बहुपदींच्या भागाकाराची चार उदाहरणे सोडवलेली होती आणि त्यांतले एक चुकलेले होते.

आता उरलेल्या वेळात थोडक्यात सांगतो. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, आधार आणि बँकेची कागदपत्रे कशी जमवायची, हे आपल्याला ठाऊक आहे. बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, एवढे मात्र बँकेत जाऊन विचारा. शाळेत गेल्यावर पहिला प्रश्न असा करा की या पोर्टलचे नोडल शिक्षक कोण आहेत, कारण ते माहीत नसल्यामुळे निम्म्या फेऱ्या वाया जातात. विद्यार्थ्यासाठी अर्जाची मुदत वेगळी असते आणि शाळेने पडताळणी करण्याची मुदत वेगळी असते. आपण शेवटच्या दिवशी अर्ज भरलात, तर शाळेला चूक दाखवायला आणि आपल्याला ती सुधारायला वेळच उरत नाही. शाळेने अर्ज त्रुटीसाठी परत पाठवला, तर तो नाकारला असे समजू नका; दुरुस्ती करून मुदतीत पुन्हा पाठवा आणि पाठवल्याचे शिक्षकांना तोंडी सांगा. पुन्हा सांगतो, पाठवल्याचे तोंडी सांगा, कारण पोर्टल कुणी रोज उघडून पाहत नाही.

अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, हे विसरू नका. अकरावीत शिष्यवृत्ती पुढे चालू राहण्यासाठी दहावीला ६० टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांना त्यात ५ टक्के सवलत आहे. माझ्या पाहण्यातले सर्वांत जास्त अर्ज गळाले ते मात्र गुणांमुळे नव्हेत, तर मूल कनिष्ठ महाविद्यालयात गेले आणि तिथले नोडल शिक्षक कोण, हे कुणी विचारलेच नाही, म्हणून. जुनी शाळा नवीन वर्षाची पडताळणी करू शकत नाही, तेव्हा प्रवेश घेतल्याच्या आठवड्यातच तो प्रश्न नव्या कार्यालयात विचारा. शिवाय नोंदणी करताना दिलेला मोबाईल क्रमांक चारही वर्षे चालू ठेवा. बंद पडलेल्या क्रमांकावर ओटीपी येत नाही आणि त्यावर आमच्यासारख्यांकडे काही औषध नसते.

त्या बाई पुढच्या वर्षी नूतनीकरणासाठी आल्या त्या पोर्टल सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात. या वेळी पानाची मागची बाजू कोरी होती, गणिते नव्हती. पुढे तेच तीन प्रश्न होते आणि तिसऱ्या प्रश्नासमोर त्यांनी दिवस, वेळ आणि माझी सही यांसाठी जागा सोडली होती. मी ती भरून दिली.

नमस्कार.