तिथीची पाऊणपट आणि सुरूची बाग

[दृश्य : पहाट. ठाण्यातलं एसटी स्थानक. फलाटाला लाल बस लागलेली, काचेमागे पाटी : वसई.]

ठाण्याला पाण्याचा तोटा नाही. तलावपाळी आहे, उपवन आहे, खाडी तर अंगणातच आहे. नाही ती वाळू. अनवाणी पायाला वाळू लागावी असं वाटलं, की ठाणेकराला घोडबंदर रस्ता धरावा लागतो.

आज रविवार आणि त्यात संकष्टी. मावशीच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी आहे. पण दिवस निवडला तो खिचडीसाठी नाही, चतुर्थीसाठी. किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चौथी तिथी, पाऊणपट तीन. पहाटे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी तीनच्या सुमाराला पुन्हा. मधे सहा तासांनी, सकाळी नऊला ओहोटी. म्हणजे आपण पोचू तेव्हा समुद्र मागे गेलेला आणि चालायला ओली, घट्ट वाळू. हेच अष्टमीला निघालात तर भरती सहाला आणि ओहोटी ऐन बाराच्या उन्हात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर एवढं जमतं, हे काय कमी आहे?

[दृश्य : बसच्या खिडकीतून घोडबंदर रस्ता. कापूरबावडी, मानपाडा, कासारवडवली.]

मावशीचं तिकीट अर्धं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे, आणि तेव्हापासून मावशीला अचानक सगळीकडे जायचं असतं.

या वाटेवरून मराठेही वसईला गेले. ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह, त्यांनी १७३७ मध्ये घेतला. चिमाजीअप्पांच्या हाती वसई आली ती मे १७३९ मध्ये. दोन वर्षं लागली. आम्हाला दोन तासही लागले नाहीत, आणि त्यातला बराचसा वेळ गायमुखाच्या अलीकडेच गेला.

खाडीवरचा पूल ओलांडला की पालघर जिल्हा. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत हा सगळा किनारा ठाणे जिल्ह्याचाच होता. जिल्हा गेला आणि वाळूही गेली, असं मावशी म्हणते.

[दृश्य : वसई गाव. वाड्यांमधली अरुंद वाट. केळी, पानवेली, विहिरी.]

किल्ला आज नाही. किल्ला सगळेच दाखवतात. आपण वाड्यांमधून पश्चिमेला निघायचं. एका दारात टोपलीत सुकेळी मांडलेली होती. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली, की ती मधाच्या रंगाची होतात. उपासाला चालतात म्हणून मावशीने घेतली, उपास नसलेल्या आम्ही संपवली.

[ध्वनी : दुरून येणारा सूं-सूं आवाज. अजून समुद्र दिसत नाही.]

हा आवाज समुद्राचा वाटतो ना? नाही. हा सुरूचा आहे. समुद्र अजून पुढे आहे.

[दृश्य : सुरूचं बन. उंच सरळ खोडं, जमिनीवर तपकिरी गालिचा.]

ही सुरूची बाग. बोलता बोलता तिची ‘सुरुची बाग’ झाली आणि पाट्यांवर ‘सुरुची बीच’. नव्या माणसाला वाटतं, कुणा सुरुचीच्या नावाने आहे. इथे लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, कारण फोटोत हिमाचल दिसतं. पाईनचं जंगल, असंच सगळे म्हणतात.

[दृश्य : अगदी जवळून. तळहातावर सुरूची एक हिरवी काडी.]

आता ही काडी बघा. पाईनची सुई वाटते. दोन्ही टोकं धरून हलकेच ओढा. टक्. निघाली. पुन्हा ओढा, पुढचा सांधा निघाला. तुकडा परत त्याच जागी बसवा, बसतो. लहानपणी आम्ही एकमेकांना विचारायचो : ओळख, कुठून तोडली?

प्रत्येक सांध्यावर बारीक दात्यांचं कडं आहे. भिंग लावलंत तर सहा-आठ दाते मोजता येतील. तीच या झाडाची पानं. जी आपण सुई समजतो, ती मुळात डहाळी आहे. पानं एवढी बारीक केली, की खाऱ्या वाऱ्यात पाणी उडून जात नाही. आणि हे खाली पडलेलं, अंगठ्याच्या पेराएवढं काटेरी बोंड? तेही पाईनचं नव्हे. सुरू फुलणारं झाड आहे, पाईनशी त्याचं नातं आंब्याचं असेल तेवढंच.

आणि सुरू इथला नाहीच. त्याचं घर ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशिया, प्रशांत महासागरातली बेटं. आपल्या किनाऱ्यावर कारवारला १८६८ च्या सुमाराला लावला. तिकडे मद्रासच्या बाजूला तर रेल्वेच्या इंजिनांना सरपण हवं म्हणून त्याच्या बागा उठवल्या. झरझर वाढतो, रेताड जमिनीत तग धरतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन त्याला मिळवून देतात. खत घालायला कुणी लागत नाही.

वाड्यांना त्याचा उपयोग आहेच. मघाशी ज्या केळी, पानवेली पाहिल्या, त्यांच्यावर येणारा खारा वारा हीच भिंत अडवते. पण बनात खाली बघा. गवताची काडी नाही, झुडूप नाही. काड्यांचा थर इतका जाड, की दुसरं काही उगवायला तयार नाही. चालायला मऊ, बघायला छान, आणि पोटातून रिकामं.

[दृश्य : बनाची समुद्राकडची कड. आडवा पडलेला सुरू, मुळं हवेत.]

माझं म्हणणं या कडेपाशी आहे. हे झाड बघा. मुळं किती पसरट, किती वरवर. लाटांनी पायथ्याची वाळू ओढली, आणि एवढा उंच गडी पावसाळ्यात आडवा झाला. मुळांत प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्यात. मावशीने त्याच्या खोडावर बसून डबा उघडला.

त्याच्या उजव्या हाताला, पन्नास पावलांवर, वाळूचा उंचवटा तसाच उभा आहे. गुडघ्याच्या थोडा वर. तिथे झाड नाही, एक वेल आहे.

[दृश्य : जवळून. वाळूवर सरपटणारी वेल, जांभळट गुलाबी फुलं.]

मर्यादवेल. पान थेट आपट्याच्या पानासारखं दुभंगलेलं. शास्त्रीय नावात तिला बकरीचा खूर म्हटलंय. आपल्याला दसरा आठवतो. समुद्राने इथवर यावं, पुढे नाही, ती मर्यादा हिची, असं जुनी माणसं सांगतात.

हिचं काम असं चालतं. वारा वाळू घेऊन येतो, पानाला अडतो, कण पानामागे पडतो. पडता पडता वेल बुजते. बुजली की ती वर सरकते आणि पेरापेरातून नवी मुळं सोडते. पुन्हा वाळू, पुन्हा वेल. असा उंचवटा चढत जातो. पावसाळ्यातल्या उधाणात लाटा त्यातली वाळू घेऊन जातात, हिवाळ्या-उन्हाळ्यात शांत लाटा परत आणून टाकतात. समुद्राची ठेव असते ती. किनाऱ्याच्या नियमांत, सीआरझेडमध्ये, असे उंचवटे सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात, खारफुटीच्या रांगेत बसवलेत. आणि त्यावरूनच आमच्यासमोर दोन मोटरसायकली गेल्या. वेलीवर चाकाचे पट्टे उठले. सुरूचं खोड तोडलं तर गावात ओरड होते. ही तुडवली तर कुणी मान वळवून बघत नाही.

[दृश्य : ओहोटीचा किनारा. रानगावकडे जाणारी लांब ओली वाळू.]

इथून उत्तरेला रानगाव, मग भुईगाव. रमतगमत चालायचं. वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसेल, मधोमध भोक. छोटे खेकडे वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाण्याजोगं ठेवतात आणि उरलेल्याची गोळी करून टाकतात. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं, ते पुन्हा मांडतात. थंडीत आलात तर कुरव आणि चिखले थव्याने बसलेले असतात; त्यांना लांबून वळसा घाला, उगाच उडवू नका. मधे एखादा नाला आडवा येतो. ओहोटीला तो घोट्याएवढा असतो, भरतीला त्याच्यात उतरायचं नाही. दुपारी बाराच्या आत आपण गावाकडे वळलेलं बरं.

परतीच्या बसची वेळ मात्र सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवा. आम्ही विचारली होती.

[दृश्य : परतीची बस. खिडकीतून घोडबंदर, वाहनांची रांग.]

गायमुखाशी बस पुन्हा थांबली. मावशीने चप्पल काढून झटकली, सीटखाली चमचाभर वाळू पडली. कंडक्टरने बघितलं, काही बोलले नाहीत.

मग तिने पर्समधून सुरूची काडी काढली आणि माझ्यासमोर धरली.

“ओळख,” म्हणाली, “कुठून तोडली?”

[काडी. चौदा सांधे. बस हलते.]