खटका नाही, गीझर खराब होता

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय 'घरातले लाइटचे फॉल्ट आणि वायरमनला कधी बोलवायचं', त्यावर येतोच, पण आधी एक गोष्ट सांगायचीय, चार वर्षं डोक्यातून जात नाहीये. तुमच्या डीबीत, म्हणजे लाइटच्या मेन बोर्डात, एमसीबींच्या, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांच्या, शेजारी एक रुंद खटका असतो, त्यावर छोटं 'टी' म्हणजे टेस्टचं बटण. बघितलंय कोणी? सात हात. आणि दाबलंय कोणी? एकही नाही? अहो, दिवाळीत फराळाचे डबे आठवणीने भरता, हे बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं!

त्या खटक्याला आरसीसीबी म्हणतात. माझी मोठी बहीण चिपळूणला असते. जुलै महिना, तिकडचा पाऊस, भिंतींना हात लावला तरी ओला व्हायचा. रोज सकाळी सहाला गीझर लावला की घरभरची लाइट जायची. ताईने बाजारातून एकाला बोलावलं, तो म्हणाला, "हा खटका लय नाजूक असतो, पावसात असंच होतं, काढूनच टाकतो." वायरी थेट जोडल्या, पैसे घेतले, गेला. लाइट जायची थांबली, सगळे खूश. आठवड्याने भाच्याने आंघोळीला नळ धरला आणि किंचाळला. हात झटकला गेला म्हणून पोरगं वाचलं.

ताईचा फोन आला, "अरे, नळाला करंट येतोय!" म्हटलं मेन पाड आणि बाथरूमला कडी लाव, मी निघालो. जाऊन बघतो तर गीझरची कॉइल तडकलेली, आणि सॉकेटच्या मागे अर्थिंगची वायर सुटून लोंबतेय. म्हणजे गळणारा करंट लोखंडी पाइपातून ओल्या भिंतीत जात होता आणि आरसीसीबी रोज सकाळी नेमकं तेच ओरडून सांगत होता. ज्याने जीव वाचवायचा त्यालाच काढला हो! मला आजही राग येतो.

एमसीबी होता की, असं भावजी म्हणाले. एमसीबी वायरीसाठी असतो, 16 अँपिअरचा असेल तर त्याहून बराच जास्त करंट गेल्यावर पडणार. माणसाला मारायला तेवढा लागत नाही. घरातला आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा, नऊ वॅटचा एलईडी बल्बसुद्धा त्याहून जास्त घेतो. जाणारा आणि परत येणारा करंट तो मोजत असतो, फरक पडला की तोडतो. आणि थ्री पिनची वरची पिन लांब का असते? प्लग घालताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं म्हणून. ती पिन कापून टू पिनमध्ये घालणारे आहेत आपल्यात, मला माहितीये, कृपा करून नका करू.

सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत, पाच मिनिटं राहिली, तर पटापट. आरसीसीबी पडला तर सगळे एमसीबी खाली करा, तो वर करा, मग एकेक एमसीबी चढवा, ज्याने पडेल त्या लाइनवरचे प्लग काढून बघा. वस्तू सापडली तर ती दुरुस्तीला द्या, एवढं घरी जमतं. सगळे एमसीबी खाली असूनही पडतोय, तर बहुतेक न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, कुठेतरी अर्थला टेकलाय, तिथे मेगर, म्हणजे वायरीतली गळती तपासायचं मीटर, लावणारा वायरमनच लागतो. बोर्डातून जळका वास, स्विच गरम, नळाला किंवा फ्रिजला झिणझिण, एमसीबी परत परत पडतोय, तर मेन बंद आणि वायरमन, आणि परवाना असलेलाच. वारंवार पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवायचा नाही, वायर तीच राहते, ती भिंतीत जळेल.

एक फार महत्त्वाचं, काही बल्ब एकदम लख्ख आणि काही मंद झाले तर न्यूट्रल तुटला असू शकतो, 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत येऊ शकतात, धावत जाऊन मेन पाडा, मग वीज कंपनीला 1912 वर फोन. टेस्टर पेटला म्हणजे सगळं ठीक असंही नसतं, न्यूट्रल तुटला तरी तो पेटतोच.

बाकीचे प्रश्न चहाबरोबर घेऊ. हॉलचा डीबी मागच्या पॅसेजमध्ये आहे, चला, 'टी' बटण दाबून दाखवतो, लाइट जाईल, आजोबा तेवढे बसून राहा, आणि काकू, बटण तुम्ही दाबायचंय.