फुटलेली पोळी आणि ज्यूलिया चाइल्ड

नमस्कार मंडळी.

यंदाच्या होळीला आमच्या घरी पुरणपोळीवरून भांडण झाले. चौदा वर्षांच्या लेकीला पोळी लाटायची होती. तिची पहिलीच पोळी फुटली, पुरण लाटण्याला चिकटले आणि मी "सर, मी करते" म्हणत लाटणे काढून घेतले. हात धुऊन जाता जाता ती म्हणाली, "आई, तू शिकवत नाहीस. तू फक्त करून दाखवतेस." हे तिने अस्खलित मराठीत सांगितले, म्हणून जास्त लागले. रविवारच्या मराठी शाळेत आठ वर्षे ने-आण केल्याचे फळ मला असे मिळाले.

तेव्हापासून मला सारखी आठवते ती अमेरिकेला दूरचित्रवाणीवरून फ्रेंच स्वयंपाक शिकवणारी, बोस्टनला लागून असलेल्या आपल्या शेजारच्या केंब्रिजमध्ये चाळीस वर्षे राहिलेली ज्यूलिया चाइल्ड. ही बाई काही आजीच्या पदराला धरून स्वयंपाक शिकली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हेरखात्याच्या कचेरीत कागदपत्रे सांभाळत ती श्रीलंकेतील कँडीला होती. तिथे भेटलेल्या पॉल चाइल्डशी १९४६ मध्ये लग्न झाले, त्याच्या नोकरीमुळे १९४८ मध्ये ती पॅरिसला गेली आणि सदतिसाव्या वर्षी तिथल्या कॉर्दों ब्ल्यू पाकशाळेत दाखल झाली. अंतिम परीक्षेत पहिल्या खेपेला ती नापास झाली, हे मी लेकीला मुद्दाम सांगितले. पुढे दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर अनेक वर्षे खपून लिहिलेले तिचे फ्रेंच पाककृतींचे जाडजूड पुस्तक १९६१ मध्ये आले. नंतरच्या खंडासाठी घरच्या भट्टीत फ्रेंच पाव जमवताना या नवरा-बायकोने २८४ पौंड पीठ संपवले, तेव्हा कुठे कोणालाही जमेल अशी कृती कागदावर उतरली. आपण मात्र "अंदाजाने घालायचे गं" एवढे सांगून मोकळे होतो, आणि आपल्या मराठी मंडळाच्या जेवणात कोणी आमटीची कृती विचारलीच तर एखादा जिन्नस विसरतोही.

तिचा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम १९६३ च्या फेब्रुवारीत बोस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवर सुरू झाला, तेव्हा ती पन्नास वर्षांची होती. वाहिनीची इमारत आगीत जळालेली असल्याने सुरुवातीचे चित्रण एका वीज कंपनीच्या प्रात्यक्षिकांच्या स्वयंपाकघरात झाले. थांबून पुन्हा चित्रित करणे परवडणारे नव्हते, त्यामुळे जे घडेल ते प्रेक्षकांना दिसे. तिच्या हातून कोंबडी जमिनीवर पडल्याची कथा आपल्याकडेही रंगवून सांगितली जाते, पण ती खरी नाही. पडले ते बटाट्याचे थालीपीठवजा धिरडे, आणि तेही शेगडीवर. उलटवताना आपण कच खाल्ली असे कबूल करून तिने ते उचलून परत तव्यात घातले आणि स्वयंपाकघरात एकटेच असलो तर बघणार कोण, असे म्हणून पुढे शिकवू लागली. मंडळी, माझी फुटलेली पोळी आजवर कोणी पाहिलेली नाही. ती मी ओट्याशी उभ्याउभ्याच खाऊन टाकते. म्हणजे पोळी फुटते तेव्हा काय करायचे, नेमके तेवढेच मी लेकीपासून लपवून ठेवले.

तिचे स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. सहा फूट दोन इंच उंचीच्या बायकोसाठी पॉलने ओटे उंच करून घेतले होते आणि भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक भांड्याची आकृती रेखली होती, म्हणजे कोणीही आले तरी भांडे जागच्या जागी परत जावे. आमच्या घरी किसणी कुठे आहे, हे माझ्याखेरीज कोणालाही सांगता येत नाही, आणि खरे सांगायचे तर याचा मला अभिमान वाटत आला आहे.

आपल्या गणेशोत्सवात उकडीचे मोदक वळायला आपण सगळ्याजणी पहाटेपासून जमतो. मुले मात्र तळघरात व्हिडिओ गेम खेळतात. त्यांना वर बोलावतो ते ताटे वाढायला. कळ्या नीट येणार नाहीत, कोणी नावे ठेवील, ही भीती मुलांना नसून आपल्याला असते. आणखी चार वर्षांनी माझी लेक कॉलेजला जाईल. माझ्या आईचा अंदाज माझ्या बोटांत आहे, आणि बोटांतले वाटी-चमच्यात कसे उतरवायचे ते मला अजून साधलेले नाही.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा पुरण शिजवले. मी हात मागे बांधून उभी राहिले. पहिली पोळी फुटली, मी बोलले नाही. दुसरी कडेला फुटू लागली आणि लाटणे माझ्या हातात कधी आले, ते मला कळलेच नाही.